साडूच्या गाडीचा नारळ

कान्हे गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी बजरंगच्या ओट्यावर येऊन बसतो. बँकेत नंतर जातो आणि देवळात त्याच्याही नंतर. बजरंग काही मेकॅनिक नव्हे. भाताची खाचरं, दोन म्हशी आणि दारात एक म्हातारी जीप, एवढाच त्याचा पसारा. पण दुसऱ्याने वापरलेली गाडी पारखण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या मावळात नाही, असं लोक म्हणतात. बजरंग ते कधी खोडून काढत नाही.

त्याची रीत ठरलेली. मालकाला आदल्या दिवशीच दम भरायचा, की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर पालथा हात ठेवून ते थंड आहे ना ते बघायचं. मग ब्रेकच्या पॅडलचं रबर बघायचं. मीटर म्हणतंय गाडी थोडीच पळाली आणि रबर तर पार गुळगुळीत झालेलं, असं दिसलं की बजरंग चहासुद्धा न घेता उठायचा. सगळ्यात शेवटी पोतं अंथरून गाडीखाली शिरायचं आणि इंद्रायणीच्या पात्रातून आणलेल्या काळ्या गोट्याने चेसिस ठोकत जायचं. टण्ण वाजलं तर लोखंड निरोगी, भद्द वाजलं तर आतून गंजाने खाल्लेलं. तो खाली आडवा आणि त्याची बायको राजेश्वरी बॅटरी धरून वाकलेली, हे चित्र तळेगावापासून लोणावळ्यापर्यंत लोकांनी पाहिलेलं आहे. लोकांना वाटायचं, काय जोडी आहे! खरी गोष्ट अशी, की उजेड जरा हलला की बजरंग खेकसायचा आणि खेकसून घ्यायला घरचंच माणूस बरं पडतं.

कुठली गाडी घ्यावी यावर त्याचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं.

"इनोव्हा म्हंजी म्हातारी हुईस्तोवर पळनारी. पर ती दारात ठेवायची तर खिसाबी तसाच पायजे. ईको हलकी, पोटाला कमी खाती, दूधवाल्याला झ्याक. आन् घाटात मानसं भरून चढवायची आसली, तर बोलेरोच. हाडापेरानं जाड, आन् बिघडलीच तर कामशेतात कुनीबी सुधरतो. पर कंपनीचं नाव बघून भुलू नगा. आधी कोन चालवीत व्हता ते इचारा."

इकडे एक प्रथा पडून गेली आहे. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दिवशी ती माणसांनी भरून लोहगडाचा घाट चढवायची. भाजे सोडल्यावर जो चढ लागतो, तो दमेकरी गाडीला उघडं पाडतो. वर लोहगडवाडीत पोचल्यावर पूजा, आणि ज्याने गाडी पास केली त्याने पुढच्या चाकाशी नारळ फोडायचा. मालकाने नाही, मालकाच्या बापानेही नाही. असे किती नारळ बजरंगने फोडले, त्याचा हिशोब नाही. नारळ हातात आला की त्याची छाती आपोआप फुगायची.

सासुरवाडीतही त्याचा मान गाडीमुळेच होता. सासरे अंबाजी तसे धाकट्या जावयावर खूश. धाकटा जावई महिपती उर्स्याचा, कंपनीत कामाला, बोलायला गोड. त्याच्या घरावर स्लॅब पडला, बोअरला पहिल्याच झटक्यात पाणी लागलं. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी दोघांना सारखंच वाण दिलं, तरी बजरंगला वाटलं की महिपतीच्या ताटातले अनारसे जास्त जाळीदार आहेत. हे त्याने घरी येऊन बोलूनही दाखवलं. राजेश्वरी हसून हसून बेजार झाली, पण बजरंगला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

फक्त एक गोष्ट महिपतीकडे नव्हती, ती म्हणजे गाडी. लग्नाला, दवाखान्याला, एकवीरेला जायचं म्हटलं की अंबाजींचा फोन बजरंगला यायचा. म्हातारा पुढच्या सीटवर ऐटीत बसायचा आणि महिपती मागे, गुडघे पोटाशी घेऊन. आरशात तो तसा बसलेला दिसला की बजरंगला गार वाटायचं.

अशात महिपतीचं कंपनीतलं काम सुटलं. तो खचून बसला नाही. ठरवलं की सातआठ माणसं बसतील अशी जुनी गाडी घ्यायची आणि मळवलीच्या स्टेशनवर उतरणारे ट्रेकवाले लोहगडवाडीला न्यायचे-आणायचे. घर आता त्याच्यावरच चालणार होतं. तो आणि त्याची बायको अपेक्षा, म्हणजे राजेश्वरीची धाकटी बहीण, पेढे घेऊन कान्ह्याला आले.

"भाऊ, तुमी सांगाल ती घेनार," महिपती म्हणाला. "तुमी न्हाई म्हनला, तर फुकट दिली तरी न्हाई घेनार."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बजरंग वितळला असता. इथे तो पुढचा हिशोब करू लागला. उद्या अंबाजींचा फोन उर्स्याला जाणार. म्हातारा महिपतीच्या शेजारी पुढे बसणार आणि मागे गुडघे पोटाशी घेऊन बसणार कोण, हे त्याला स्वच्छ दिसलं. पेढा त्याने तोंडात टाकला, पण तो गोड लागला नाही.

पहिली गाडी तळेगावच्या एका मास्तरांची होती. बजरंगने सांगितलं, ती लय उभी राहिलेली. दुसरी वडगावची. ती त्याला लय पळालेली वाटली. महिपती दोन्ही वेळा मान डोलवून माघारी आला.

तिसरी लोणावळ्यातल्या माधवरावांची बोलेरो. माधवराव निवृत्त गृहस्थ. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, तिच्या सर्व्हिसिंगच्या पावत्याही त्यांनी जपून ठेवलेल्या. "मी रोज एक चक्कर मारतोच. गाडी आणि माणूस बसून राहिले की खराब होतात," ते म्हणाले. बॉनेट थंड होतं. रबराच्या रेघा शाबूत होत्या. पहिल्याच चावीला इंजिन असं चालू झालं की बजरंगच्या अंगावर काटा आला. अशी गाडी त्याला स्वतःला जन्मात मिळाली नव्हती. दारातली जीप आठवून त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

तो खाली शिरला. राजेश्वरीने बॅटरी धरली. त्याने गोटा मारला. टण्ण. पुढे सरकून मारला. टण्ण. मागच्या चाकापर्यंत एकाही ठिकाणी आवाज दबला नाही.

बाहेर येऊन त्याने पॅन्ट झटकली, महिपतीला बाजूला घेतलं आणि कुजबुजला, "आतनं खाल्ल्याली हाये. लोनावळ्याचा पाऊस, दुसरं काय! दोन पावसाळ्यांत कंबर मोडंल."

लोणावळ्याचा पाऊस म्हटलं की कुणाचाही विश्वास बसतो. महिपतीचं तोंड एवढंसं झालं. अपेक्षाने डोळ्यांना पदर लावला. राजेश्वरीने बॅटरी बंद केली आणि नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. घरी येईपर्यंत ती जीपच्या बाहेरच बघत होती. तिचं डोकं दुखत असेल असं बजरंग धरून चालला.

त्यानंतर आठवडाभराने जीपमधला गोटा जागेवर नव्हता. शोधाशोध केल्यावर तो स्वयंपाकघरात खिडकीत सापडला. "ह्यो हितं कुनी आनला?" म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं. राजेश्वरी भाकरी थापत म्हणाली, "सुपारी फोडाया घेतलता." विषय तिथेच संपला.

आणि मग अंबाजींचा फोन आला. महिपतीने गाडी घेतली, रविवारी लोहगडवाडीला पूजा, सगळ्यांनी यायचंय. कुठली गाडी? लोणावळ्याची. माधवरावांची बोलेरो.

बजरंगला रात्रीचं जेवण गेलं नाही. म्हणजे याने दुसऱ्या कुणाला नेऊन दाखवली! आपला शब्द धुडकावला, आणि वर सांगितलंसुद्धा नाही! कोण असेल तो? कामशेतचा गॅरेजवाला की उर्स्याचा कुणी दीडशहाणा? त्याने राजेश्वरीला खोदून खोदून विचारलं.

"तुमच्याच मेव्हणीला इचारा की," ती म्हणाली.

विचारायचं कसं? विचारलं तर जळतोय हे दिसणार. आणि तो जळत होताच, उगीच कशाला लपवा. साडूला गाडी मिळाली याने जळत होता, ती चांगली आहे हे ठाऊक असल्याने त्याहून जास्त जळत होता. पण तो नारळ दुसरा कुणी फोडणार, या विचाराने तर त्याच्या अंगाची आग आग झाली.

रविवारी कान्ह्याच्या रेल्वे फाटकापाशी बोलेरो आली. धुऊन पुसून लखलखीत, आरशाला झेंडूची माळ. पुढे अंबाजी, फेटा बांधून. बजरंगच्या वाट्याला मागची आडवी सीट आली आणि गुडघे बरोबर पोटाशी आले. महिपती म्हणाला, "भाऊ, नीट बसला न्हवं?" बजरंगला वाटलं, टोमणाच मारला.

भाजे मागे पडलं आणि घाट सुरू झाला. गाडीत माणसं ठेचून भरलेली, डालड्याच्या डब्यात प्रसादाचा शिरा, टपावर पाण्याचे कॅन. बजरंग कान टवकारून बसला. आता खोकेल, मग खोकेल. वळणावर महिपतीने गिअर उतरवला तेव्हा त्याने मनातल्या मनात देवाला हाक मारली: एकदा तरी गरम होऊ दे रे, थोडी वाफ निघू दे, जास्त काही नको. साडूच्या पोटावर पाय येऊ दे असं आपण मागतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. पण मागणं काही त्याने परत घेतलं नाही.

गायमुखाच्या खिंडीखालचा शेवटचा चढ आला. पुढे एक मोटार बंद पडून वाफा टाकत उभी होती. महिपतीला ऐन चढावर थांबावं लागलं, आणि थांबलेली भरली गाडी चढावर पुन्हा उचलणं ही खरी परीक्षा.  बोलेरो क्षणभर हुंकारली आणि जागची उचलून सरळ वर गेली. अंबाजींनी हात जोडले. अपेक्षा रडता रडता हसली. बजरंगने खिडकीतून बाहेर थुंकल्यासारखं केलं.

लोहगडवाडीत विठाबाईंच्या टपरीसमोर गाडी लावली. विठाबाईंकडे ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी मिळते, आणि इथल्या सगळ्या गाड्यांच्या पूजाही त्यांच्याच दारात होतात. हळदीकुंकू झालं, चाकाखाली लिंबं गेली.

"बोलवा आता पास करनाऱ्याला," विठाबाई म्हणाल्या.

बजरंग सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. नजर जमिनीवर, पण कान तिकडेच. महिपती नारळ घेऊन गर्दीतून वाट काढत आला आणि थेट त्याच्यासमोर थांबला. खाली वाकून त्याने बजरंगचे पाय धरले.

"भाऊ, राजेश्वरीआक्कांनी समदं सांगितलं. तुमाला झोप लागंना, म्हनून तुमी येकलंच परत लोनावळ्याला गेला. परत खाली शिरून बघितली. गंज न्हाई, वरचा चिखल व्हता, घ्या म्हना, आसा निरोप दिला. आपलाच शब्द माघारी घ्यायला लय मोठं काळीज लागतं, भाऊ. आक्का म्हनल्या, त्यांना लाज वाटतीया, गाडी घरी येईस्तोवर काय बोलू नगा. म्हनून बोललो न्हाई. तुमी हुता म्हनून आज माझी चूल पेटनार."

अंबाजी पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थोरल्या जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "बजरंगा," एवढंच म्हणाले. 

बजरंगने राजेश्वरीकडे पाहिलं. ती विठाबाईंच्या ओट्याला टेकून उभी होती आणि त्याच्याकडेच पाहत होती. खिडकीतला गोटा त्याच्या डोळ्यांसमोर आला. ती एकटी लोणावळ्याला गेली असणार, माधवरावांच्या शेडमध्ये लुगडं खोचून गाडीखाली शिरली असणार. तिने ते टण्ण दुसऱ्यांदा ऐकलं होतं, कारण पहिल्यांदा ऐकलेलं खरं मानलं तर नवरा खोटा ठरत होता. आणि खोटा ठरल्यावरही तिने त्याचंच नाव सांगितलं होतं.

जन्मभर ज्याच्यासाठी छाती फुगवली, तो नारळ हातात होता आणि बजरंगचा हात वर जाईना.  चाकाशी जाऊन तो नुसता उभा राहिला.

"फोडा की, दाजी!" अपेक्षा ओरडली.

तो वळला, ओट्यापाशी गेला आणि त्याने नारळ राजेश्वरीच्या हातात दिला.

"हिनं फोडायचा."

"आवो, आसं काय करता? रीत न्हाई ती," विठाबाई म्हणाल्या. "पास करनाऱ्यानंच फोडायचा."

"व्हय," बजरंग म्हणाला. "म्हनूनच."

लोक हसले. बायकोचा केवढा मान ठेवतो म्हणून दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. राजेश्वरी हसली नाही. तिने पदर खोचला, चाकाशी गेली आणि एका घावात नारळाची दोन शकलं केली. फार नीट फोडला. आपल्याला कधी इतका सरळ फुटला नव्हता, हे बजरंगला दिसलं आणि तेवढ्यातही जरा टोचलं.

उतरताना दोघं मागच्या आडव्या सीटवर समोरासमोर बसले. गुडघ्याला गुडघे लागत होते. बरीच वळणं गेल्यावर तो हळूच म्हणाला, "पहिल्याच बारीला आयकू आलतं तुला?"

"इतकी वर्सं काय नुसती बॅटरीच धरली व्हय मी?"

पुढे महिपती अंबाजींना काहीतरी सांगत होता आणि म्हातारा खळखळून हसत होता. बजरंगने तिकडे पाहिलं, मग बायकोच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. गोटा तिच्यात होता. पिशवीला त्याचा आकार आला होता. तो मागून घ्यावा असं त्याच्या मनात आलं आणि त्याने हात मागे घेतला.

"येक जुनी सुमो बघाया जायचंय परवा," तो म्हणाला. "तू ठोक. बॅटरी मी धरतो."