जुन्या चिपवर चालवलं होतंस ना?

फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो कापला. सकाळच्या मीटिंगमध्ये होतो, हे कारण सांगायला बरं आहे. पण त्या मीटिंगमध्ये माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. खरं कारण असं की, स्क्रीनवर 'मुकुंदराव' हे नाव दिसलं की फोन उलटा करून टेबलावर ठेवायची मला दीड-दोन महिन्यांत सवयच लागली होती. तिसऱ्यांदा फोन आला नाही, मेसेज आला. त्यांच्याच फोनवरून सुलभावहिनींनी लिहिलं होतं, "भाऊजी, हे आज सकाळी गेले. जमलं तर या." जमलं तर... मी गाडी लांब लावून कसबा पेठेतल्या त्या बोळातून चालत निघालो, तेव्हा मनात दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. सुटलो, असं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. हा लेख त्या क्षणाबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फार गहिवरून लिहायला लागलो तर वाचकांची फसगत व्हायची नाही.

मुकुंदरावांना पुण्यात फारसं कोणी ओळखत नव्हतं. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचे. रोज दोन बस बदलून जायचे आणि एखादी बस वेळेवर आली तर तिच्याकडे संशयानं पाहायचे. त्यांचं खरं काम मात्र घरी परतल्यावर सुरू व्हायचं. जगभरातले असंख्य संगणक ज्या फुकट आणि खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं तो मिळून लिहितात, दुरुस्त करतात, आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्याची जबाबदारी कुणी ना कुणी घेतलेली असते. अशा माणसाला मेंटेनर म्हणतात. मुकुंदरावांकडे असलेला कोपरा अगदीच लहान होता. प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं संगणकाला जोडणारी एक चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी संगणकाला बोलता यावं म्हणून लिहिलेला मजकूर, ते चौदा वर्षं सांभाळत होते. या कामाचे पैसे नाहीत, रजा नाही. कुठल्याशा देशातल्या माणसानं 'अत्यंत तातडीचे' असं लिहून तक्रार पाठवली, तर हे उत्तर द्यायचे, "तातडी आपली आहे. चिप सावकाश आहे. आपण तिघांनी मिळून मार्ग काढू." आणि खरोखरच काढायचे.

मी मूळचा यवतमाळकडचा. पुण्यात नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी या विषयाच्या हौशी लोकांच्या बैठकीला गेलो. मी एक लांबलचक प्रश्न विचारला. मागच्या रांगेतून आवाज आला, "प्रश्न उत्तम आहे. उत्तर छापील आहे. आपण वाचलं नसेल तर घरी या, वाचून दाखवतो." मला राग आला आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. अपमान झाल्यावर त्याच माणसाच्या घरी जायचं, हे पुण्यात आल्यावरच शिकलो. त्यांनी खरंच वाचून दाखवलं. वहिनींनी पोहे दिले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री घेतात असं मी सांगितलं, तर मुकुंदराव गंभीरपणे म्हणाले, "इथे पोहे नुसते खातात. सोसत नसेल तर सांग." मी 'आपण'वरून 'तू'वर आलो तो त्या पोह्यांपाशी.

त्यांनी मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक ओळ. कर्नलमध्ये कोणताही बदल जातो तेव्हा त्याखाली तो कोणी लिहिला, कोणी वाचून पाहिला, कोणी प्रत्यक्ष चालवून पाहिला, हे नावानिशी नोंदवलेलं असतं. चालवून पाहणाऱ्याच्या ओळीला टेस्टेड-बाय म्हणतात. ती ओळ कुणी तपासत नाही. ना शिक्का, ना साक्षीदार. तुम्ही म्हणालात की मी चालवून पाहिलं, तर जग मान्य करतं आणि पुढे जातं. मुकुंदराव आपल्या बदलाखाली ही ओळ स्वतः कधी लिहायचे नाहीत. "आपणच भाजी करायची आणि आपणच म्हणायचं मीठ बरोबर आहे, त्याला काय अर्थ?" म्हणून त्यांनी मला तपासनीस केलं. त्या चिपच्या दोन पिढ्या होत्या, नवी आणि जुनी. जुन्या चिपचं चालू अवस्थेतलं एकच यंत्र त्यांच्याकडे उरलं होतं. ते त्यांनी बुटाच्या खोक्यात कापूस घालून माझ्या हवाली केलं, आणि वहिनी म्हणाल्या, "मला दागिनासुद्धा इतक्या जपून दिला नव्हता."

पहिली काही वर्षं मी ते काम मनापासून केलं. अख्खा रविवार जायचा. यंत्र जोडायचं, काढायचं, संगणक झोपवायचा, उठवायचा, पुन्हा झोपवायचा, असं पन्नास-पन्नास वेळा. मग लग्न झालं, बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, हाताखाली माणसं आली. खोकं सामान हलवताना माळ्यावर गेलं. मुकुंदरावांचा बदल आला की मी यंत्र न जोडता तो फक्त संगणकाला वाचायला देऊन पाहायचो, संगणकानं चूक दाखवली नाही की ती ओळ पाठवून द्यायचो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा दोन दिवस चैन पडलं नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र काहीच वाटलं नाही. मुकुंदरावांची चूक होतेच कुठे, असं मी स्वतःला समजावायचो. म्हणजे त्यांच्या काटेकोरपणाच्या आधारावर मी माझा आळस चालवत होतो.

गेल्या वर्षी त्यांनी एक बदल केला. ड्रायव्हरमध्ये काही जुना, निरुपयोगी वाटणारा मजकूर होता, तो काढून टाकला. मी नेहमीप्रमाणे ओळ पाठवली. बदल जगभर गेला. काही आठवड्यांनी ब्राझीलमधल्या एका लहान रुग्णालयाच्या तंत्रज्ञाचं पत्र आलं. त्यांच्या रक्त तपासण्याच्या यंत्रांना जुनी चिप होती, आणि संगणक झोपून उठला की ती यंत्रं मूग गिळून बसत होती. ही पत्रं सगळ्यांना वाचता येतात. वरच्या एका मेंटेनरनं चारचौघांत विचारलं, हे कुणी चालवून तरी पाहिलं होतं का? माझं नाव खाली लिहिलेलं होतंच. मी उत्तर लिहायला घेतलं आणि मग म्हटलं, जेवून लिहू. जेवून होईस्तोवर मुकुंदरावांचं उत्तर आलेलं होतं: चूक माझी आहे, तपासणाऱ्याची नाही, बदल मागे घेत आहे, रुग्णालयाची क्षमा मागतो.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "संजय, एकच विचारतो. जुन्या चिपवर चालवलं होतंस ना?"

"हो," मी म्हणालो. "माझ्याकडे चाललं होतं."

ते म्हणाले, "मग गंमतच आहे. तुझ्याकडे चालतं आणि त्याच्याकडे नाही. काहीतरी फरक असणार. शोधायला हवं."

हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. बदल मागे घेतल्यावर विषय खरं तर संपला होता. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. पण मुकुंदरावांना कारण कळायला हवं होतं. त्यांचं हृदय तेव्हाच अशक्त झालेलं होतं, कॉलेजातून त्यांनी लांबची रजा घेतली होती, डॉक्टरांनी जिनेसुद्धा मोजके चढा म्हणून सांगितलं होतं. ते दुखणं इतकं पुढे गेलंय हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तर मी खरं बोललो असतो, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "ते खोकं आणून देतोस का? मी इथे एकदा लावून पाहतो." मी म्हणालो, "रविवारी आणतो." रविवारी पाहुणे होते. पुढच्या रविवारी गाडी गॅरेजमध्ये होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी फोनच उचलला नाही. खोकं माळ्यावर, चिकटपट्टी लावलेलं, माझ्या डोक्यावर दोन-तीन फुटांवर होतं. ते त्यांच्या टेबलावर पोचलं की पाच मिनिटांत माझं खोटं उघडं पडणार, हे मला पक्कं माहीत होतं. बिबवेवाडी ते कसबा पेठ हे अंतर मी दोन महिने पार करू शकलो नाही.

ते गेल्यानंतर आठवड्यानं मी शिडी लावून खोकं खाली काढलं. कापूस पिवळा पडला होता. यंत्र जोडलं, मागे घेतलेला तो बदल पुन्हा घातला, संगणक झोपवला, उठवला. पहिल्याच खेपेला यंत्र मुकं झालं. पन्नास वेळा करायची गरजच नव्हती... एकदा केलं असतं तरी पुरलं असतं. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती की काय झालं, आणि मी संगणक पुन्हा झोपवून उठवत होतो.

वहिनींना भेटायला गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. पण माझ्या आधी त्याच बोलायला लागल्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. यांचं एक काम अर्धवट राहिलंय. शेवटपर्यंत तेच चाललं होतं. मी म्हणायची, अहो, पडा जरा. तर म्हणायचे, संजय उगाच काही बोलणारा माणूस नाही, त्याच्याकडे चाललं म्हणजे चाललंच, कुठेतरी मीच चुकतोय." असं म्हणून त्यांनी टेबलावरची वही माझ्यापुढे ठेवली. शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही. "तुम्हाला कळेल यातलं. उत्तर कुठवर आलं होतं तेवढं सांगा. मला बाकी काही नको."

मी वही उघडली. प्रत्येक पानावर तारीख, खाली सुवाच्य अक्षरात केलेले प्रयोग. केबलची लांबी वेगळी असेल का. विजेचा दाब कमी पडत असेल का. ब्राझीलच्या तंत्रज्ञाला विचारलेले प्रश्न, त्याची उत्तरं. आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटी तेच वाक्य: 'संजयकडे चालते. का?' अक्षर पुढे पुढे थरथरत गेलेलं. शेवटच्या पानांवर तर प्रयोगही नव्हते, नुसता प्रश्नच होता.

"सापडलं होतं का त्यांना?" वहिनींनी विचारलं.

मी मागे मागे उलटत दुसऱ्या पानापर्यंत आलो. तिथे लिहिलं होतं: 'जुन्या चिपला जागे व्हायला वेळ लागतो. तेवढे थांबण्याची सूचना मी निरुपयोगी समजून काढली. हेच कारण असावे.' अगदी बरोबर होतं. झोपेतून उठलेल्या पोराला डोळे चोळायच्या आत पाढे विचारावेत, तसं त्या चिपचं होत होतं. या तीन वाक्यांवर पट्टी धरून एक सरळ काट मारलेली होती आणि पुढे लिहिलं होतं: 'पण संजयकडे जुन्याच चिपवर चालते. म्हणून हे नाही.'

"सापडलं होतं," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी."

"मग खोडलं कशाला?"

मग मी सांगितलं. ओळ, माळा, खोकं, रविवार, कापलेले फोन, ते गेले त्या सकाळचे दोन फोनसुद्धा. काही वगळलं नाही.  खालून गाडीवाल्यांची भांडणं ऐकू येत होती. माझं सांगून झाल्यावर त्यांनी वही आपल्याकडे ओढली, दुसरं पान काढलं आणि त्या काटेवरून बोट फिरवलं. मी रडत होतो, त्या नव्हत्या.

त्यानंतर मी ती दुरुस्ती मुकुंदरावांच्या नावानं पाठवली, त्यांच्याच तीन वाक्यांसह. माझ्या जुन्या ओळी खोट्या होत्या हेही त्या जाहीर पत्रव्यवहारात लिहिलं, कोणकोणत्या ते सांगून. ब्राझीलच्या त्या रुग्णालयातल्या माणसानं दुरुस्ती चालवून पाहिली आणि चालवून पाहणाऱ्याच्या जागी त्याचं नाव लागलं. लोकांनी मला सांभाळून घेणारी पत्रं लिहिली. ती वाचून मला बरं वाटलं नाही. कारण त्यांना फक्त ओळी खोट्या असल्याचं माहीत आहे. दोनशे पानी वही माहीत नाही.

ती वही मी मागितली होती. जपून ठेवीन म्हणालो. वहिनींनी दिली नाही. ती अजून खिडकीपाशी त्यांच्या टेबलावर आहे, दुसऱ्या पानावर उघडी, वर चष्म्याची पेटी ठेवलेली, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून. सगळं सांगितलं त्या दिवशी मी निघताना दाराशी चपला घालत होतो, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "दोन महिने हे आपली चूक शोधत होते, भाऊजी. आणि जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की ती सापडत नाहीये."