बागेवरच्या बाईसाठी घेतलेली पॉवर बँक

गेल्या रविवारी सकाळी दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेवर मी एक निरोप घेऊन गेले. हिरामावशींना नात झाली होती... निरोप ऐकला आणि त्या मटकन खाली बसून रडायलाच लागल्या. आनंदाने नाही.

मावशी सुरगाण्याकडच्या. दरवर्षी थिनिंगला, म्हणजे घडांतले जादा मणी काढायला, नवऱ्यासोबत आमच्याकडे येतात, माल निघेपर्यंत राहतात. यंदा मात्र त्यांचा सगळा जीव घरी अडकला होता. लेक संगीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि घरात फक्त म्हातारी आजी. कळा सुरू झाल्या की फोन कर, मी मिळेल ती जीप पकडून येते, असं मावशी तिला सांगून आल्या होत्या.

बागेवर लाइटचं काही खरं नसतं. लाइट असेल तेव्हा मोटरीच्या खोलीत सगळ्यांनी आपापले फोन लावायचे. म्हणून मावशींनी मला संकोचत विचारलं होतं, "ताई, ती फोन भरायची डबी मिळंल का एखादी?"

आता पुढचं लिहायला लाज वाटतेय, पण ते न लिहिता ही पोस्ट टाकण्यात अर्थ नाही. एमजी रोडवरच्या एका दुकानात मी दोन पॉवर बँका घेतल्या. एक पुण्यात हॉस्टेलवर असलेल्या माझ्या लेकीसाठी, एक मावशींसाठी. लेकीची घेताना बीआयएसचा शिक्का बघितला, वॉरंटी विचारली, तिच्या फोनला किती वेळा पुरेल तेही विचारून घेतलं. मावशींची मात्र काउंटरवरच्या टोपलीतली उचलली...

दुकानदाराने टोकलंही. "मॅडम, वर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. हातात घेऊन बघा, किती हलकी आहे. एवढ्या वजनात एवढा बॅकअप बसतच नाही. रोजच्या वापराला नका घेऊ ही."

मी म्हणाले, "चालेल हो, बागेवरच्या बाईला द्यायचीये."

देताना सूचनाही एकच दिली, पाणी लागू देऊ नका. मावशींनी ती तंतोतंत पाळली. जुन्या गोधडीचा तुकडा कापून जाड पिशवी शिवली आणि दव लागू नये म्हणून ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली. चार्जिंगला लावतानासुद्धा पिशवीतच. ती तापायची, तर यांना वाटायचं, चांगली भरतेय!

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी बागेजवळची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोटरीची खोली बंद, सगळ्यांचेच फोन बंद. मावशींच्या पॉवर बँकेचे चारही दिवे लागत होते, पण फोन काही भरेना. आज लाइट येईल, उद्या येईल करत त्या थांबल्या. आणि शनिवारी संगीताला कळा सुरू झाल्या, तारखेच्या पंधरा दिवस आधीच. पोरगी दिवसभर आईला फोन लावत राहिली. शेवटी रविवारी पहाटे, मजूर पाठवणाऱ्या त्यांच्या गावच्या मुकादमाने माझ्या मिस्टरांना फोन केला, तेव्हा आम्हाला कळलं.

माझा निरोप ऐकून रडत बसलेल्या मावशी उठून झोपडीत गेल्या आणि ती पॉवर बँक घेऊन आल्या. मधोमध टम्म फुगलेली.

"माझ्याच हातानं बिघडली ताई. तुम्ही एवढी चांगली वस्तू दिली, मला सांभाळता नाय आली. पोरगी हाका मारीत व्हती आन् मी..."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हो, चुलीची धग लागली असेल." खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. दोष त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतला, याचं मला क्षणभर बरंही वाटलं...

फुगलेली पॉवर बँक पुन्हा लावायची नसते, कचऱ्यात किंवा विस्तवात तर मुळीच टाकायची नसते. म्हणून ती मी ई-कचऱ्यात द्यायला काढून घेतली. लावताना उघड्यावर ठेवायची, झाकायची नाही, जास्त तापली की काढायची... हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या लेकीला मी ते दोनदा फोन करून सांगितलं होतं.

मावशींना गाडीत घालून मी सुरगाण्याला निघाले. सगळ्या घाटात त्या खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होत्या. मी गाडी चालवत राहिले.

दवाखान्यात संगीताने आईला बघितलं आणि मान फिरवली. "आता आलीस व्हय?"

मावशी कॉटपाशी उभ्या राहून पुन्हा तेच सांगायला लागल्या. "माझी चूक झाली बाई, म्या ती डबी चुलीपाशी ठेवली..."

आता मात्र मला ऐकवेना. म्हटलं, "नाही संगीता. तुझ्या आईला मी स्वस्तातली, बिनभरवशाची वस्तू दिली. दुकानदार नको म्हणत असताना दिली. कशी वापरायची तेही नीट सांगितलं नाही. तुझा फोन लागला नाही, तो माझ्यामुळे."

संगीता माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कुशीतलं बाळ उचलून आईपुढे धरलं. "घे. कालपासून तुझ्याकडंच द्यायची व्हती."

मावशींनी नातीला छातीशी धरलं आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "मंग माझ्या हातानं नाय ना झालं, ताई?"

"नाही मावशी."

त्यांनी डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला.

लेकीच्या बाळंतपणाची हुकलेली वेळ मी त्यांना कशानेही परत देऊ शकत नाही. पण हे दोन शब्द मी बागेवरच बोलू शकले असते... तेवढा घाट तरी त्या बिचाऱ्या रडत आल्या नसत्या.