न बुडालेला भाऊ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि भावापाशी — त्याच्यापाशी तर नाहीच. लोकांचं मनात दडलेलं ऐकून घेण्यात माझं आयुष्य गेलं, आणि स्वतःचं एक दडलेलं तसंच राहिलं. तुम्ही अनोळखी आहात, कदाचित म्हणूनच जमेल.

मी मानसोपचार करते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात शिकून बारामतीला परत आले, तेव्हा गावात या कामाला नीट नावही नव्हतं. एका ओळखीच्या डॉक्टरांनी दवाखान्यातली मागची खोली दिली. 'डोक्याची डॉक्टरीण' म्हणून लोक दबक्या आवाजात यायचे. मी होते सव्वीस वर्षांची, आणि मला वाटायचं, मला सगळं येतं.

त्याच सुमारास कळंबजवळ एक ट्रॅक्टरची ट्रॉली कॅनॉलमध्ये उलटली. टोमॅटो तोडायला निघालेल्या बायका होत्या तिच्यात. काही वाचल्या, काही नाही. महिना-दोन महिन्यांनी डॉक्टर मला म्हणाले, वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणींना झोप नाही, कुणाला पाण्याचा आवाजही सोसत नाही, तू बघ काहीतरी.

म्हणून मी दर गुरुवारी एसटीनं कळंबला जाऊ लागले. बालवाडीच्या खोलीत आम्ही गोल करून बसायचो. ज्यांची माणसं गेली त्याही यायच्या. एकटीचं दुःख दहाजणींत बसून बोललं की त्याचा भार हलका होतो — हे मी शिकले होते, आणि ते खरंही आहे. पण बोलायला कुणी तयारच नव्हतं. मी विचारायची, त्या खाली बघायच्या. असे कितीतरी गुरुवार गेले. गप्प बसणं हासुद्धा त्यांचा हक्क आहे, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं? मला ते माझं अपयश वाटायचं.

एका गुरुवारी कमल नावाची तरणी बाई माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमाला काय कळणार, ताई? तुमचं कोण गेलंय?"

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारलं तिनं. आणि खरं उत्तर होतं — कुणी नाही. आजोबा-आजीसुद्धा तेव्हा धडधाकट होते माझे.

मी म्हणाले, "माझा भाऊ. कॅनॉलमध्येच."

का म्हणाले? अनेकदा शोधलंय. बस चुकली असं सांगावं इतक्या सहज ते बाहेर पडलं. मग त्याला जोडून जोडून सांगत गेले — पोहायला गेला होता, धाकटा होता, चप्पल काठावर राहिली. सांगताना मला रडूही आलं. ते रडणं खोटं नव्हतं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

आणि खोली उघडली. त्याला दुसरा शब्द नाही. कमल बोलली. तिच्यामागून पारूआत्या बोलल्या — पन्नाशीच्या, उंच, हातात एकही बांगडी नसलेल्या. त्यांची लेक अलका त्यांच्याबरोबरच ट्रॉलीत होती. तिचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो सुटला. हे त्यांनी त्या दिवसापर्यंत घरातही सांगितलं नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत त्या बायका झोपू लागल्या, कामाला जाऊ लागल्या. माझं नाव झालं. भवानीनगरहून, इंदापूरहून बोलावणी येऊ लागली. खोट्यावर उभं राहिलेलं काम खरं असू शकतं का? असतं. त्यामुळंच तर ते खोटं सोडवत नाही.

मग एके दिवशी पारूआत्या आमच्या बारामतीच्या घरी आल्या. न कळवता. पदरात पेरू बांधून. त्यांना माझ्या आईला भेटायचं होतं.

आईनं दार उघडलं. मी आतून येईपर्यंत त्यांनी आईचे दोन्ही हात धरले होते. "आक्का," त्या म्हणत होत्या, "तुमचं नि माजं दुखनं एकच हाय. तुमचा ल्योक पान्यात ग्येला, माजी लेक ग्येली. म्हनलं, भेटून यावं."

आईनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी फक्त मान हलवली — बोलू नकोस, अशी. माझा भाऊ तेव्हा पिंपरीत एका कारखान्यात नोकरीला होता. दर पंधरा दिवसांनी घरी यायचा, आल्या आल्या आईकडं पिठलं मागायचा.

आईनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "बसा."

पारूआत्यांनी विचारलं, "नाव काय हुतं लेकराचं?"

मला वाटलं, आता ही सांगून टाकणार. म्हणून मी घाईनं म्हणाले, "सुनील."

त्याचं खरंच नाव. दुसरं एखादं नाव सुचू नये मला? आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पारूआत्या मला हळूच म्हणाल्या, "रडू दे तिला. मोकळी हुईल."

त्या गेल्यावर आईनं चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. मी मागोमाग गेले. कारखान्याच्या फाटकावर फोन लावून तिनं सुनीलला बोलावून घेतलं. "काही नाही रे," ती म्हणाली, "आवाज ऐकायचा होता." परत येताना वाटेत एवढंच बोलली, "त्या बाईला खरं सांग. मी सांगणार नाही. तुझं तू सांग."

मी सांगितलं नाही. त्या सगळ्या पुन्हा मिटून जातील, असं स्वतःला पटवलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं — त्या मला 'आमच्यातली' म्हणायच्या, आणि मला ते गमवायचं नव्हतं. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या कामाचं मात्र तिनं त्यानंतर कधी विचारलंही नाही.

आज मी नव्या मुलामुलींना शिकवते. आधी माणसाला सुरक्षित वाटू द्या, घाई करू नका, न बोलणाऱ्याला न बोलू द्या. 'तुम्हाला काय कळणार' असं कुणी म्हणालं, तर म्हणा — नाही कळत, सांगाल तेवढं ऐकेन. मुलं वहीत लिहून घेतात. हे कुठं शिकलात, विचारतात. मी म्हणते, कळंबच्या बायकांकडून. तिथंच थांबते.

आई आता नाही. पारूआत्याही नाहीत. पण अजून एक सांगायचं राहिलंय, आणि तेच सांगायला इतकं फिरून आले.

कळंबचा गट संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पारूआत्या मला इंदापूरच्या स्टँडवर भेटल्या. सुनीलचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. कळंबच्या एकाही बाईला मी बोलावलं नव्हतं. आश्विन लागला होता, पितरांचा पंधरवडा नुकताच सरला होता. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "अलकीचं पान वाढते ना, तवा शेजारी तुज्या सुनीलचंबी वाढते दरसाली. तुज्या आईच्यानं हुत नसंल. मी बघितलंय न्हवं तिचं हाल."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या समाधानानं म्हणाल्या, "औंदा कावळा आदी त्याच्याच पानाला शिवला बग. सुखात हाय त्यो."

माझी बस लागली होती. सांगायला वेळ नव्हता, असं मी म्हणणार नाही. कंडक्टर अजून खालीच उभा होता.

"बरं केलंत, आत्या," मी म्हणाले.