तिसरा रकाना

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे रकानेबाई म्हणायचे. पुढाऱ्यांनी भाषणात खर्चाचे आकडे फेकायचे आणि बाईंनी ते सरकारी अंदाजपत्रकाशी ताडून बघायचे, हे तिचं काम. अंदाजपत्रकात प्रत्येक कामापुढे तीन रकाने असतात. किती खर्च करू म्हणाले, मग कात्री लावून किती ठेवला, आणि खरोखर किती झाला. हा तिसरा रकाना छापून यायला दोन वर्षं लागतात. तोवर भाषण लोकांच्या डोक्यातून गेलेलं असतं, टाळ्या तेवढ्या घेऊन झालेल्या असतात. बाई मात्र कात्रणं जपून ठेवायची आणि अंदाजपत्रकाचं नवं पुस्तक आलं की देवाला हात जोडून आधी तिसरा रकानाच बघायची.

यंदा तो बघितला आणि तिचं डोकंच फिरलं. "डायलिसिसच्या यंत्रांवर चाळीस कोटी खर्च केले!" असं आरोग्यमंत्र्यांनी छाती ठोकून सांगितलं होतं. पहिल्या रकान्यात चाळीस कोटी होते. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात नुसती आडवी रेघ.

तीच यंत्रं येतील या भरवशावर तिची वहिनी दिवस काढत होती. आठवड्यातून तीनदा बस धरून दुसऱ्या शहरात जायचं, सुया टोचून घ्यायच्या, गळून परत यायचं. इथल्या दवाखान्यात खोली तयार होती, फरशी चकाचक, दाराला कुलूप. त्या दुसऱ्या शहरात एक घर भाड्यानं मिळत होतं. पण दादा म्हणायचा, "मंत्री एवढं खोटं कशाला बोलेल? थांबू थोडं."

संपादकांनी बाईंचा मजकूर वाचून मंत्र्यांच्या विधानावर शेरा मारला : अर्धसत्य.

"यातलं अर्धं कुठलं खरं, साहेब?"

"तरतूद तर होती ना, बाई. मंत्र्यांच्या कचेरीनंही तेच कळवलंय."

"पगार देऊ म्हणालात आणि दिलाच नाहीत, तर तो अर्धा दिलात का?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

"आवाज खाली, बाई."

"नाही होणार!" तिनं वहिनीला फोन लावला आणि संपादकांपुढे धरला. "घ्या. सांगा तिला, यंत्रं अर्धी आलीत म्हणून."

संपादकांनी हात मागे घेतला. फोनमधून आवाज आला, "वन्सं, कळलं का काही? घरमालक आज उत्तर मागतोय."

बाईंनी फोन कानाला लावला. "वहिनी, यंत्रं नाही आली. घेतलीच नाहीत मेल्यांनी. एक पैसा खर्च केला नाही."



"मग हो म्हणते त्याला," वहिनी म्हणाली. "पण तुमच्या दादांना तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

संपादकांनी अर्धसत्यावर काट मारली आणि वर 'खोटं' लिहिलं. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. ती दादाचा नंबर फिरवत होती, आणि संतापानं बोट सारखं भलत्याच आकड्यावर पडत होतं.