ल्यूटवरचं कुंकू

ल्यूट वाजवून पोट भरतं का, हा प्रश्न मला शिकागोतल्या झाडून सगळ्या मराठी काकूंनी विचारून झालाय. उत्तर: नाही भरत. मी चर्चमध्ये वाजवते, श्रीमंतांच्या लग्नात पाहुणे शॅम्पेन पीत असताना कोपऱ्यात बसून वाजवते आणि शनिवारी शॉमबर्गच्या उपनगरात जाऊन आयटीवाल्यांच्या मुलांना गिटार शिकवते. ल्यूट म्हणजे गिटारची युरोपातली पणजी, आणि हे चारशे वर्षांपूर्वीचं संगीत. लिहिणारे केव्हाच मेले आणि ऐकणारेही त्याच रांगेत उभे आहेत. मैफिलीत पुढचे निम्मे लोक डुलक्या घेतात, उरलेल्यांतल्या कुणाचं तरी कानातलं यंत्र शिट्टी मारत असतं.

आधी मीही आयटीतच होते. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर दुसऱ्याच महिन्यात राजीनामा दिला. आईनं नागपूरहून फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कोणी मुलगा आहे का?" मुलगा असता तर तिला समजलं असतं. भोपळ्यासाठी नोकरी सोडणं तिच्या डोक्यात शिरेना. ल्यूटची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर असते, म्हणून आमच्या घरी त्याला भोपळाच म्हणतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तीन आठवडे आधी आई माझ्याकडे आली. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी ऑडिशन होती. जुनं संगीत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात ल्यूटची कायमची जागा निघाली होती, आणि अशी जागा क्वचितच निघते. कलेची वगैरे गोष्ट बाजूला ठेवा, त्या जागेबरोबर हेल्थ इन्शुरन्स होता, दातांसकट. माझी एक दाढ दोन वर्षं नुसत्या लवंगेवर चालली होती. ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून बाहेर आले, तर आईनं हॉलमध्ये पूजा मांडलेली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला झेंडू, पाटावर मिक्सर, गाडीची किल्ली, आणि मधोमध माझं ल्यूट. त्याच्या पोटावर ओल्या कुंकवानं काढलेलं ठसठशीत स्वस्तिक. चार ठिपक्यांसकट.

ल्यूटच्या पुढच्या फळीला पॉलिश नसतं. कोरडं, उघडं लाकूड, पाण्याचा थेंब पडला की पिऊन टाकतं. आणि या देशात ते चिन्ह छातीशी धरून ऑडिशनला जायचं, म्हणजे मी आपली परंपरा समजावून सांगेपर्यंत पोलीस आले असते.

"काय करून ठेवलंस हे?" मी ओरडले. "तुला काय कळतं गं यातलं?"

आई मुठीत अक्षता धरून तशीच उभी राहिली. "दसरा आहे ना," ती म्हणाली. "ज्याच्यावर पोट आहे, त्याची पूजा करतात."

नोकरी सोडल्याला सात वर्षं झाली होती. तरी दर दसऱ्याला ती फोन करून विचारायची, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलंस का. त्या पाटावर लॅपटॉप नव्हता, तो सोफ्यावर उपडा पडला होता. हे माझ्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण त्या घटकेला मला गहिवरायला वेळ नव्हता, मला खोडरबर हवं होतं. दुपारपर्यंत हलक्या हातानं घासत बसले. स्वस्तिक गेलं आणि तळहाताएवढा गुलाबी डाग राहिला.

ऑडिशनला टेबलामागच्या बाईंनी डागाकडे बघून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आईनं आशीर्वाद दिला. त्या खळखळून हसल्या. त्यांच्या आईनं म्हणे एकदा त्यांच्या व्हायोलिनवर कॉफी सांडली होती. सगळं छान चाललं होतं. मग दुसऱ्या रचनेत मधे एक भरधाव जागा येते, तिथे माझी बोटं एकमेकांत अडकली. थांबले, सॉरी म्हटलं, परत सुरू केलं. परत तिथेच अडकली. टेबलामागून "थँक यू" आलं. अमेरिकन माणूस इतक्या गोड आवाजात थँक यू म्हणाला, की आपण सामान उचलायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल आली. नाही.

आई चहाचा कप घेऊन समोर उभी होती. "माझ्या कुंकवामुळे का गं?"

मी फोनमधून डोकं वर न काढता म्हटलं, "असेल."

इतकं सोपं होतं ते. माझी नालायकी एका शब्दात तिच्या डोक्यावर गेली आणि मला चक्क हलकं वाटलं. वर मी तो चहाही प्यायले.

पुढचे दोन दिवस आई घरात पाहुण्यासारखी वावरली. काही हलवायचं तरी विचारून हलवायची. कुंकवाचा करंडा तिनं बॅगेत तळाशी टाकला. तिसऱ्या दिवशी बाथरूममधून तिचा दबका आवाज आला. नागपूरला मावशीशी बोलत होती: "माझ्या हातून पोरीचं नुकसान झालं बघ." मला स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले. "आई, कुंकवामुळे नाही गेलं. मी चुकले. दोनदा. तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. रागावेल असं वाटलं, रडेल असंही वाटलं. "कुठे चुकलीस?" तिनं विचारलं.

"सांगून नाही कळणार."

"मग वाजवून दाखव."

मी ल्यूट घेतलं आणि वाजवायला लागले. त्या भरधाव जागेशी आले, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"इथे ना?" ती म्हणाली. "तीन आठवडे स्वयंपाकघरातून ऐकतेय. इथे आलीस की रोज घाई करतेस. मला वाटलं, ते तसंच असतं."