ए साइडचं पहिलं गाणं

दिलीप गेल्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाच्या मी कानाखाली वाजवली. बाबू हलगीवाला सकाळी दुकान उघडतानाच आला, काउंटरला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "इजूशेठ, दिल्या गेला." मला वाटलं, चेष्टा. त्यांच्या बेंजो पार्टीत असल्या वंगाळ चेष्टा रोज चालायच्या, आणि मी मूळचाच तापट. हात सुटला. बाबूनं गालाला हातसुद्धा लावला नाही. "मारा आजून," म्हणाला, "पर खरं हाय." तेव्हा कुठं त्याच्या शर्टावरचं वाळलेलं रक्त मला दिसलं. लग्नाची सुपारी वाजवून पार्टी जीपनं परत येत होती. आष्ट्याच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी, मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. जीप तशीच तिच्यात घुसली. दिलीप पुढं बसला होता. उसाची टोकं काच फोडून आत आली... दवाखान्यात मी त्याला ओळखलं ते शर्टावरून. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सांगलीत स्टँडजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक गाणी सांगतं, मी कोऱ्या कॅसेटवर ती भरून देतो. या धंद्यात एक गोष्ट नक्की कळते. ए साइडला पहिलं गाणं कुठलं घालायला सांगतो, त्यावरून माणूस ओळखावा. दिलीपची गाणी कुठल्याच कंपनीनं काढली नाहीत. काढणार तरी कोण? चाल अशी गोड, की ऐकणारा दिवसभर गुणगुणत बसेल, आणि त्या चालीखाली नुसती हाणामारी. इंजिनं, हातोडे, शिव्या, फुटणाऱ्या बाटल्या. फीत ब्लेडनं कापायचा, तिची टोकं चिकटवून कडं करायचा आणि तोच एक आवाज पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर गायचा. तेराव्याला आम्ही मित्रांनी ठरवलं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर बसतील तेवढी त्याची गाणी काढायची. क्रम मी लावायचा. पहिलं कुठलं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण त्या गाण्याची मूळ कॅसेट दिलीपच्या वडलांकडं होती, आणि त्या गाण्यात त्यांनी केलेला गुन्हा होता. ते ती देतील का, याचा मला घोर लागला होता.

क्रम खालून वर सांगत येतो. शेवटी मी 'चिपाडं' घातलं. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरं त्यानं टेप केली आणि टेपची गती उतरवून इतकी मंद केली, की कुणाच्या तरी पायांत बेड्या घालून चालवत नेतायत असं वाटतं. बाबूला हे गाणं वर हवं होतं, कारण त्यात त्याची हलगी आहे. बाबूशी माझं यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. त्याच्या वर 'पाचट'. ऊस तुटून गेल्यावर रानात पडलेलं पाचट पेटवतात, तो तडतड आवाज त्याला जवळून हवा होता. जवळून म्हणजे किती, तर भुवया जळाल्या आणि शर्टाची बाही पेटली. मी त्याला मातीत लोळवून विझवलं, वर दोन शिव्या हाणल्या. त्या शिव्याही गाण्यात आहेत. लोक विचारतात, मागं कोण ओरडतंय. मीच तो.

दुसऱ्या नंबरला 'मामा'. हे साताऱ्याच्या वरातीचं गाणं, आणि त्या वरातीला मी हौसेनं गेलो होतो, माझी अक्कल. वरात नवऱ्याच्या दारात आली, की पार्टीनं सगळ्यात चढं गाणं धरायचं आणि नवऱ्याच्या दोस्तांनी अंगात आल्यासारखं नाचायचं, ही रीत. दिलीपनं नेमकं तिथंच चालू गाणं मोडलं आणि स्वतःचं धरलं, पाच मात्रांचं. चारावर नाचणाऱ्या गड्यांचे पाय पाचात अडकले. नवऱ्याचा मामा फेटा बांधून जोरात गिरकी घेत होता, तो सगळ्या व्याह्यांच्या देखत तोंडावर आपटला. पुढचा दात गेला. मग काय विचारता... सोयरीक राहिली बाजूला, दोन्हीकडची माणसं एक होऊन आमच्यावर पडली. बाबूची हलगी फाडली, बेंजो दगडावर आपटला, माझ्या पाठीत काठी बसली ती अजून थंडीत ठणकते. दिलीपला चौघांनी धरून तुडवला. नंतर स्टँडवरच्या नळाखाली नाक धरून बसला होता, ओठ फाटलेला, आणि हसत होता. कमरेला छोटा टेप बांधला होता त्यानं. "इज्या, ऐकलंस का रं? पाचावर मारत व्हती सगळी. एकबी चुकला न्हाई." मला असा संताप आला की मी पण एक ठेवून दिली.

आता पहिलं. त्याचं नाव 'सुभेदार'. दिलीपचे वडील लष्करातून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आष्ट्यात शेती बघू लागले. गाव त्यांना तात्या म्हणतं. बोलणं कमी, हात जास्त. पोरानं फौजेत जावं हा त्यांचा हुकूम होता. सांगलीत भरती लागली. दिलीप धावला, पुढच्यांत आला, छाती भरली, आणि डॉक्टरी तपासणीच्या रांगेतून सरळ चालत माझ्या दुकानात आला. "न्हाई जमायचं गड्या," म्हणाला, "तिथं सगळ्यांच्या बुटांचा आवाज एकच येतुया." मी म्हटलं, घरी जाऊ नकोस. गेलाच. अंगणात तात्या पहार घेऊन उभे होते आणि दिलीपचा कॅसिओ ओट्यावर मांडून ठेवला होता. दिलीपचं डोकं बघा, बाप पहार उगारतोय आणि यानं टेपचं बटन दाबलं.

ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं. पहिल्या घावाला कॅसिओ चालूच आहे. पट्ट्या दाबल्या जातात आणि एकदम दहा-बारा सूर किंचाळतात. दुसऱ्या घावाला निम्मे. तात्यांचा श्वास, आईवरून शिव्या, मागं घरातल्या बायकांचा आकांत. मग एक बद्द आवाज. लोखंडाचा नाही, प्लास्टिकचा नाही. दिलीप हात गळ्यात बांधून माझ्यासमोर बसला होता. "ह्यो माजा डावा हात," म्हणाला, "मी कॅसिओवर पालथा टाकला, तात्यास्नी आवरलं न्हाई." त्या एका आवाजाचं त्यानं कडं केलं. सबंध गाणं त्या ठेक्यावर चालतं आणि वर अंगाईसारख्या चालीत तो गातो, हाणा तात्या हाणा, ठेका सुटू देऊ नका. पुढं डाव्या हाताच्या तीन बोटांवर त्यानं सगळ्या सुपाऱ्या वाजवल्या. गावात सांगितलं, कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. मूळ कॅसेट मात्र त्यानं स्वतः नेऊन बापाच्या हातात ठेवली. माझ्याकडं राहिली ती नकलेची नक्कल, निम्मी खरखर.

बाबूला घेऊन आष्ट्याला गेलो. तात्या घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. दाढी वाढलेली, पाठ मात्र ताठ. मी कॅसेट मागितली.

"कशाला?"

"त्याची गाणी काढतोय. ते पहिलं घालायचंय."

"पयलं का म्हून? बाकीची न्हाईत?"

मी घरून शांत बोलायचं ठरवून आलो होतो, पण तो शांत चेहरा बघून माझं टाळकं सरकलं. "कारण ते सगळ्यात भारी आहे. तुम्ही त्याचा हात मोडलात आणि त्यानं त्याचं गाणं केलं. आता तेही पुरून टाकणार असाल तर सांगा, मी परत येणार नाही." बाबूनं माझं कोपर धरलं. तात्या उठले. मला वाटलं, मारणार, आणि खरं सांगतो, मारावं असंच वाटत होतं. मलाही कुणाला तरी मारायचंच होतं त्या दिवसांत.

ते आत गेले आणि कॅसेट घेऊन आले. "येकदाच ऐकली. पुन्यांदा धीर झाला न्हाई," म्हणाले. कॅसेट माझ्या हातात दिली, पण सोडेनात. "इजय, कव्हरावर वाजवनाऱ्यांची नावं छापत्यात न्हवं?"

"छापतात."

"मग माजं बी घाला."

मला कळेना. बाबू खाली बघत होता.

"हात कुट्टीत ग्येला म्हून त्यो सांगत हिंडला," तात्या म्हणाले, "आन् लोकास्नी पटलं. त्येच्या आईनं बी त्येच सांगितलं. समद्यास्नी ठावं हाय, पर तोंडावर येक जन इचारत न्हाई मला. त्यो हुता तवर वाटायचं, ह्योच कवातरी इचारंल. आता कोन इचारनार?" त्यांचा आवाज जराही हलला नाही. मग त्यांनी कॅसेट सोडली.

कव्हर छापून आलंय. ए साइड, पहिलं गाणं 'सुभेदार'. खाली बारीक अक्षरात नावं आहेत. गायन आणि कॅसिओ, दिलीप. हलगी, बाबू. पहार, तात्या सुभेदार, आष्टा. कॅसेट काउंटरवरच ठेवलीय. गिऱ्हाईकं उचलतात, उलटसुलट करतात आणि हटकून विचारतात, पहार हे कसलं वाद्य हो? मी काही सांगत नाही. आष्ट्याला जा म्हणतो, तात्या घरीच असतात.