घट्ट वीस ओळी

माझी मावशी बस स्थानकाच्या तिकीट खिडकीत बत्तीस वर्षं बसली. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की खिडकीपुढे अख्खं गाव लोटायचं, आणि गाडी चुकली तरी खापर मावशीच्याच डोक्यावर फुटायचं. दुपारी अर्धा तास मोकळा मिळाला की ती मागच्या खोलीत, पार्सलांच्या ढिगाला टेकून, पिशवीतून विणकामाच्या सुया काढायची.

तिची एक खोड होती. ओळ संपली की सुया पालटताना ती त्या दिवशी उपयोगी पडलेल्या कुणाचं तरी भलं बोलायची. "रांगेत घुसणाऱ्याला दटावणाऱ्या त्या आजोबांचं भलं होवो." पुढची ओळ. "चहा गरम आणणाऱ्याचं भलं होवो." कुणीच सापडलं नाही तर तिकीट छापणाऱ्या यंत्राचं, आज बंद पडलं नाही म्हणून! सुट्टीत मी तिचा डबा पोचवायला जायचे. मला हसू आवरायचं नाही.

"मावशी, यंत्राला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

आणि खरंच सांगते, अर्ध्या तासाने खिडकीत परत जाणारी बाई सकाळची चिडकी बाई नसायची.

मी सोळा वर्षांची असताना काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तेही ऐन गर्दीच्या आठवड्यात. तिला रजा मिळाली एका दिवसाची. काकांचा निळा स्वेटर तेव्हा सुयांवर होता, आणि घरी आल्यावर मी तोच घालणार असं त्यांनी आत जाताना तिला बजावलं होतं.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी तिच्याशेजारी बसले. ती भराभर विणत होती, पण ओळ संपली तरी तोंडातून शब्द नाही. दुसरी संपली, दहावी संपली. मी पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा. शेवटी न राहवून म्हटलं, "मावशी, कुणाचं तरी बोल ना गं."

"आधी ह्यांना बाहेर येऊ दे."

विसाव्या ओळीला नर्स आली आणि सगळं नीट झालं म्हणाली. मावशीने सुया पालटल्या. नर्सपासून रखवालदारापर्यंत, अगदी त्या बाकापर्यंत सगळ्यांचं भलं बोलून घेतलं, आणि मग ढसाढसा रडली.

काका घरी आले. पुरा झालेला स्वेटर डोक्यावरून खाली उतरला आणि पोटाशी अडला.

"हे काय, पट्टा आवळलायस का?"

एरवी विणताना तिचा हात सैल. त्या वीस ओळी मात्र दगडासारख्या घट्ट विणल्या गेल्या होत्या. ती ओशाळली. "काढा, उसवून देते."

"खबरदार! तेवढा वेळ मी शुद्धीत नव्हतो. तू काय भोगलंस ते माझ्या अंगावर राहू दे."

सतरा वर्षं ते पोट आत घेऊन तो स्वेटर घालत राहिले. गेल्या वर्षी काका गेले.

यंदा सुट्ट्यांच्या तोंडावर मी मावशीकडे गेले ती ऑफिसच्या कामाने वैतागून, सगळ्या जगाला शिव्या घालतच. तिची बोटं आता सुयांवर वळत नाहीत. तिने तोच स्वेटर माझ्या पुढ्यात टाकला. कोपरं झिजलेली, गळा विरलेला.

"वरून उसव. लोकर चांगली आहे. तुझ्या मापाचा कर."

मी उसवत गेले, ती गुंडा करत गेली. घट्ट पट्ट्याशी आले तसा तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बस. इथून पुढे तुझं."

त्या टाक्यांत सुई शिरता शिरेना. कशीबशी पहिली ओळ विणली.

"बोल आता," मावशी म्हणाली.

इतकी वर्षं हसले होते मी ह्याला. "काकांचं भलं होवो."

"आणि?"

"तुझं."

"तोंडावर काय बोलतेस! हातात बघ, टाका सुटलाय."

खरंच सुटला होता. मला सुईच दिसत नव्हती.